खळ लावलेल्या चिठ्ठ्या

ती घटना आठवली की मी आजही जरा ओशाळतो, आणि मग बरंही वाटतं.

तेव्हा मी मंडईजवळच्या चौकीत फौजदार होतो. सकाळची हजेरी नुकतीच आटोपली होती, तेवढ्यात एक बाइंडर आले. पुस्तकं बांधणारं, पुण्यातलं जुनं मुसलमान घराणं. त्यांच्या मुलीने आठवीसाठी एकाच शाळेचा ध्यास घेतला होता. अर्ज जागांहून जास्त, म्हणून शाळेने पालकांसमोर सोडत काढली. एका विश्वस्तांनी पिशवीत हात घालून चिठ्ठ्या उचलल्या. मुलीचं नाव निघालं नाही.

"नाव निघालं नाही म्हणून चौकीत येतात होय?" मी म्हणालो. माझी जीभ तेव्हा फार पुणेरी होती.

"त्यासाठी नाही आलो, साहेब. निघालेली प्रत्येक चिठ्ठी उघडताना कडकड वाजत होती. साधा कागद असा वाजत नाही. त्याला खळ लावलीय."

आयुष्यभर खळीत हात घातलेला माणूस हे बोलत होता. मी लेखी अर्ज घेतला, डायरीत नोंद केली आणि शाळेत गेलो.

मुख्याध्यापक म्हणाले, "चिठ्ठ्या केव्हाच टाकून दिल्या." शेजारच्या कारकुनाने मात्र मान खाली घातली. मी त्याला कपाट उघडायला लावलं. आत त्याच्या नोकरीचे वीस वर्षांचे कागद रचलेले होते. ज्याने कधी कागदाचा कपटा फेकला नाही, तो या चिठ्ठ्या कशा फेकणार? निघालेल्या चिठ्ठ्या दोऱ्यात ओवलेल्या, न निघालेल्या पाकिटात. स्वतःविरुद्धचा पुरावाही गड्याने नीट लावून ठेवला होता. दोन पंचांसमोर पंचनामा करून मी चिठ्ठ्या ताब्यात घेतल्या आणि कारकुनाला व पंचांना घेऊन चौकीत आलो.

चौकीत कारकून म्हणाला, "कागद तो कागद, साहेब. त्यात काय पाहायचं?"

मी दोन्हीकडची एकेक चिठ्ठी ठेवून पंचांदेखत त्यांवर पाण्याचा थेंब सोडला. "बोट लावून बघा." निघालेल्या चिठ्ठीला त्याचं बोट चिकटलं. ते सोडवता सोडवताच तो रडायला लागला. चिठ्ठ्या उचलणाऱ्या त्या विश्वस्तांनीच त्याला ओळखीच्या मुलींची यादी दिली होती. टोपीसाठी घरी केलेल्या खळीत त्याने त्या मुलींच्या चिठ्ठ्या बुडवल्या, म्हणजे पिशवीत विश्वस्तांच्या हाताला त्या कडक लागतील. मला आवाजही चढवावा लागला नाही. माणूस बहुधा ओझं उतरवायला जागाच शोधत असतो.

विश्वस्तांवर आणि कारकुनावर गुन्हा दाखल झाला, सोडत रद्द झाली. नव्या सोडतीत सगळ्या चिठ्ठ्या एकाच कागदाच्या केल्या. प्रत्येक पालकाने आपली चिठ्ठी स्वतः पिशवीत टाकली आणि निकाल तिथेच फळ्यावर लागला.

बाइंडरांच्या मुलीचं नाव याही वेळी निघालं नाही. मला फार वाईट वाटलं. शाळेच्या फाटकाबाहेर त्यांना गाठून मी म्हणालो, "मुख्याध्यापकांकडे शब्द टाकतो. एका जागेचा तर प्रश्न. मला नाही म्हणायचे नाहीत ते."

ते हसले. "नको साहेब. आज चिठ्ठी मी माझ्या हातानं टाकली. नाही निघाली, हे पोरीला सांगता येतं. तुम्ही शब्द टाकलात, तर तिला काय सांगू?"

मुलीला घेऊन ते दुसऱ्या शाळेचा अर्ज आणायला गेले. दुसऱ्याची लबाडी पकडणारा मी, चांगल्या मनाने का होईना, तीच करायला निघालो होतो. पुढे निवृत्तीपर्यंत मी कुणाच्या प्रवेशासाठी शब्द टाकला नाही, स्वतःच्या मुलाच्याही नाही. त्यापायी घरी बोलणी खाल्ली, पण समाधानाने खाल्ली.