तोंडावरचा टॉवेल

आमच्या यांच्या दुकानात एक शिस्त आहे. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की आधी गरम पाण्यात पिळलेला टॉवेल तोंडावर, मग साबण, मग वस्तरा. कोणी कितीही घाईत असो, टॉवेल चुकत नाही. हे म्हणतात, केस मऊ न करता वस्तरा लावणं म्हणजे माणसाचा छळ. मी म्हणते, तेवढ्यात बाजूचा सलूनवाला दोन डोकी उरकतो. पण ऐकतील तर शपथ!

बसस्टँडवर स्फोट झाला, त्यात आमच्या लेकीचा उजवा पाय गुडघ्याखालून गेला. कॉलेजातून घरी येत होती, एवढाच तिचा गुन्हा. त्यानंतर दुकानात दुसरा विषयच नसायचा. सापडला की उलटा टांगा, कोर्टबिर्ट नंतर बघू, असं जो तो म्हणायचा आणि हे वस्तरा चालवत मान डोलवायचे. मी तर त्यांच्या चार पावलं पुढे. तो माणूस माझ्या हाती लागता तर सरकारला त्रासच पडला नसता. एक निवृत्त मास्तर तेवढे म्हणायचे, आपणच मतं देऊन बसवलेलं सरकार आहे, त्यानं माणसं लपवून मारायची असतील तर निदान आपल्याला विचारावं तरी. त्यांना मी तोंडावर सांगितलं, तुमच्या नातीचा पाय जाऊ दे, मग बोलू.

एका दुपारी जीप आली. साध्या कपड्यातले दोघे यांना सामानासकट घेऊन गेले. शहराबाहेर गुरांच्या औषधांचं जुनं गोदाम आहे, तिथे. खिडक्यांना आतून पत्रे ठोकलेले. खुर्चीत एक माणूस, दाढी छातीपर्यंत वाढलेली, नजर जमिनीवर. तिथला साहेब म्हणाला, स्फोटवाला हाच, उद्या कोर्टात उभा करायचाय, जरा माणसात आणा. यांनी वस्तरा गरजेपेक्षा जास्तच वेळ परजला. पण वर्षानुवर्षांची सवय कुठे जाते? यांनी टॉवेल पिळला आणि नेहमीसारखा त्याच्या तोंडावर ठेवला.

तो माणूस असा काही उसळला की खुर्चीसकट खाली. कपड्यातच लघवी झाली त्याला. यांनी घाईघाईनं टॉवेल ओढून काढला, तरी तो धापा टाकत बोलतच सुटला. "सांगतो, सांगतो. मीच ठेवली पिशवी. सोबत कोण होतं ते तुम्ही सांगा, मी तेच नाव घेतो."

साहेबाला हसू आलं. म्हणाला, टॉवेल राहू द्या हो, ओलं फडकं बघितलं की असाच करतो तो. यांनी टॉवेल न लावताच दाढी केली, घरी आले आणि न जेवता भिंतीकडे बघत बसले.

दोन दिवसांनी पेपरात फोटो आला, गुळगुळीत गालांचा. काल पहाटे पकडला, लगेच कबुली दिली, असं खाली छापलेलं. तेव्हा यांनी मला सगळं सांगितलं आणि म्हणाले, मी त्याच्या वकिलाला भेटणार. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, पोटच्या पोरीचा पाय घालवणाऱ्याची बाजू घेताय, काही वाटत नाही का? दाढी करायला नेलं होतं, करून आलात, विषय संपला. आणि उद्या त्या गोदामात तुम्हालाच बसवलं तर आम्ही शोधायचं कुठे? माझा आवाज चढला होता, त्यात कुबड्या टेकत लेक कधी दारात येऊन उभी राहिली ते कळलंच नाही.

"बाबा, म्हणजे ज्यानं खरंच ठेवली तो अजून बाहेर फिरतोय?"

"असेल," हे म्हणाले. "किंवा हाच तो असेल. आता ते कोणालाच कळायचं नाही, बाळा."

मी उठून लेकीच्या कुबड्या भिंतीला टेकवल्या आणि तिला खाली बसवलं.

त्या वकिलानं यांना साक्षीला बोलावलं, तेव्हा कोर्टात मी सोबत गेले. भांडले म्हणून काय एकट्याला जाऊ द्यायचं? सरकारी वकिलाचा आवाज मोठा गोड. देश सांभाळायचा तर काही गोष्टी पडद्याआड कराव्याच लागतात, म्हणाला. एकाला बोलतं केल्यानं उद्या शंभर मुलींचे पाय वाचणार असतील, तर एका बापाची त्याला हरकत असेल का? हे साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे होते.

"साहेब, तो माझ्याकडे नाव मागत होता," हे म्हणाले. "मी तुमचं सांगितलं असतं तर त्यानं तुमचं घेतलं असतं. त्यानं कोणाचे पाय वाचतील?"

कबुली रद्द झाली. त्या गोदामात कधी कोणाला ठेवलंच नव्हतं, असं तिथल्या साहेबानं शपथेवर सांगितलं. अर्धी गिऱ्हाईकं तुटली, काही तर दुकानावरून जाताना मान फिरवतात. त्यांचा राग मला कळतो, कारण माझाही अजून पुरता गेलेला नाही. तपास नव्यानं चालू आहे म्हणतात. लेक पुन्हा कॉलेजला जायला लागली, त्याच बसस्टँडवरून, आणि मी सोडायला जाते. तिथे कोणी बाकावर पिशवी ठेवून जरा बाजूला गेलं, की आम्ही दोघी एकमेकींचा हात घट्ट धरतो.