दादाची ऐकणारी गिटार

नोव्हेंबरचा दुसरा रविवार, दुपार. दर्पण कॉलनीतलं दादाचं घर. हजर: दादा, वहिनी, इंदूरहून आलेली त्यांची मुलगी मुक्ता आणि मी, दादाची धाकटी बहीण. गैरहजर कोणी नाही. पुढच्या शुक्रवारी पहाटे वहिनीचा फोन आला, "वन्सं, हे उठत नाहीयेत..." मी माझ्या घरून पोहोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

ग्वाल्हेरच्या आमच्यासारख्या मराठी घरांत मुलाला तानपुऱ्याशी बसवतात. दादानं कॉलेजात असताना इलेक्ट्रिक गिटार आणली, तेव्हा काका म्हणाले, "गळा असताना तारा कशाला?" दादा हसला खरा, पण पुढे सरकारी नोकरी सांभाळून आयुष्यभर तो त्या प्रश्नाचं उत्तरच शोधत राहिला. गिटारीतून त्याला गळ्यासारखी, स्वरावरून स्वरावर घसरत जाणारी मींड हवी होती. त्याच्या पहिल्या गिटारीत तारांखाली, त्यांचा कंप पकडणारे, एकेरी कॉइलचे पिकअप होते. ट्यूबलाइट लावली की ते गुणगुणायला लागायचे. मग त्यानं हंबकर जातीचे पिकअप बसवले. हंबकरमध्ये दोन कॉइल शेजारी शेजारी, एकमेकींच्या उलट असतात. त्यामुळे विजेची गुणगुण आपसात मिटते आणि तारेचा आवाज तेवढा उरतो. "नवराबायकोसारखं आहे हे," दादा सांगायचा, "दोघांची कुरकुर एकमेकांत जिरते." आतून वहिनी ओरडायची, "जिरत नाही, मी जिरवते!"

दुकानदार जोरकस चुंबकाचे हंबकर पुढे करत. दादा सौम्य चुंबकाचे घ्यायचा. चुंबक फार जोरकस असला तर तारेला ओढून धरतो, स्वराचं शेपूट तुटतं, असं त्याचं म्हणणं. घरी आणून तो त्यांचं धातूचं झाकण काढून बघे, चुंबक बदलून बघे आणि प्रत्येक वेळी तीच एक मींड डोळे मिटून वाजवे. एवढे उद्योग केले, पण एक गोष्ट त्यानं कधी केली नाही. पिकअप वितळलेल्या मेणात बुडवून काढला की कॉइलची वेटोळी जागच्या जागी घट्ट बसतात आणि आवाज मोठा केला तरी पिकअप शिट्टी मारत नाही. सगळे तसं करतात. दादा "बघू" म्हणायचा.

कारण मला ठाऊक होतं. मुक्ता इंदूरला गेल्यावर, शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून दादा हेडफोन लावून वाजवायला लागला. हाका ऐकू जाईनात. एकदा चिडून वहिनीनं गिटारीपाशी तोंड नेलं आणि तारांवरच ओरडली, "पान वाढलंय!" बिनमेणाच्या पिकअपमधल्या सैल वेटोळ्यांनी तो आवाज पकडला आणि दादाच्या कानात पोहोचवला. तेव्हापासून वहिनी त्याच्याशी गिटारीतूनच बोलायची. चहा झालाय, गॅसवाला आलाय... आणि कधी कधी इतकं हळू काही, की ते फक्त दादालाच कळायचं. तो मान खाली घालून हसायचा.

त्या रविवारी मुक्ता म्हणाली, "बाबा, ही गिटार मी घेऊन जाणार. पण स्टेजवर ये सीटी मारती है, सगळे मला हसतात. मेण लावा ना आता."

दादानं वहिनीकडे पाहिलं. "बहिरी करायची म्हणतेस?"

"हो, बिल्कुल बहिरी!"

"करा की," वहिनी म्हणाली, "माझं दुधाचं पातेलं तेवढं घेऊ नका."

आम्ही हसलो. दादानं मुलीला कारण सांगितलं नाही, वहिनीनंही नाही. नवराबायकोतलं असलं काही मुलीला सांगायची आमच्याकडे रीतच नाही. ती रीत त्या दिवशी मोडायला हवी होती, असं आता फार वाटतं. बुधवारी दादाचा फोन आला, "शुभे, एक पिकअप बहिरा केला. आता दुसरा बाहेर काढून ठेवलाय." त्याचा आवाज उतरलेला होता. मी म्हटलं, राहू दे की तो तसाच. तर म्हणाला, "पोरीला शब्द दिलाय ना."

तेराव्यानंतर मुक्ता हेडफोन लावून दादाच्या खुर्चीत बसली. गिटारीत तेव्हा मेण लावलेला तो एकच पिकअप होता. वहिनी चहा घेऊन आली, सवयीनं वाकली आणि तारांपाशी म्हणाली, "चहा." मुक्ता वाजवतच राहिली. जरा वेळानं तिनं वर पाहिलं आणि हेडफोन काढला. "आई, कुछ बोली क्या?"

"नाही गं," वहिनी म्हणाली आणि कप ठेवून आत गेली.

मुक्ता आता संक्रांतीला गिटार न्यायला येईल. गॅसचं नाव बदललं, पेन्शनचे कागद दिले, कपडे वाटले; माझ्या यादीतल्या बाकी सगळ्यावर खूण झाली आहे. दुसरा पिकअप टोपी बाजारातल्या दुरुस्तीवाल्याकडे आहे. दोन तारा डाग देऊन जोडायच्या, एवढंच काम. त्याचा फोन येतो, "दीदी, मोम में डुबाना है कि ऐसे ही लगा दूँ?" वहिनीला विचारलं, तर ती म्हणते, "मुक्ताला हवं तसं करा." मुक्ताला सांगायचं, तर ते वहिनीनं सांगायला हवं. दुरुस्तीवाल्याला मी अजून उत्तर दिलेलं नाही.