नलूमावशीच्या बोटांबद्दल मी काय सांगितलं

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही – आणि ओळखत असतात तर सांगितलं असतं का? नसतं बहुतेक.

मी फिजिओथेरपिस्ट, फक्त हातांची. माझ्याकडे येतात ते बहुतेक वालीवच्या कारखान्यांतले, मशीनमध्ये बोटं सापडलेले. नलूमावशी तशी नव्हती. खाडीकाठच्या आमच्याच गावची, आईची मैत्रीण. भात कापताना विळा मनगटात घुसला. ऑपरेशननंतर तिच्याकडून व्यायाम मीच करून घेतले. मूठ मिटायला लागली तेव्हा तिच्यापेक्षा मीच जास्त नाचले. तिची पकड मोजायची आणि गावभर सांगत सुटायचं, असं माझं चाललं होतं.

ती मात्र दर वेळी म्हणायची, "हात मिटते बाय, पन बोटांना कायच कलत नाय." होईल हळूहळू, मी म्हणायचे. एकदाही नीट तपासलं नाही – काय सापडेल ते माहीत होतं म्हणून.

मग ती बैठक आली. हाताच्या दुखापतींवर संशोधन करताना उपचार लागू पडला की नाही हे कशावरून ठरवायचं, यावर सगळ्यांचं एकमत करायचं होतं. डॉक्टर परराज्यांतले. रुग्ण म्हणून वालीवचे दोन हिंदी बोलणारे कामगार, आणि नलूमावशी. तिला मीच नेलं – मिरवायला, दुसरं काय? पकड मोजायची, बोटांची हालचाल मोजायची, हे पटकन ठरलं. स्पर्शावर घोडं अडलं. काहींना तो हवा होता, काहींना ती नसती कटकट वाटत होती. शेवटी कोणीतरी म्हणालं, या बाईंना विचारा.

मावशी बोलली, आपल्या बोलीत. ती तिथे माझ्याशिवाय कोणालाच कळत नव्हती, इंग्रजीत मीच सांगायचं होतं. नातीचा गाल धरते, तर गाल की लाकूड, कळत नाही म्हणाली. भांडं तापलेलं कळत नाही. बोलून झाल्यावर माझ्याकडे बघत राहिली – आता तू सांग, अशी.

आणि मी – मी इंग्रजीत सांगितलं, पकड परत आली यातच त्या खूश आहेत.

का? कारण पुढचा प्रश्न मला आला असता – तुम्ही तपासलंत का? एवढ्यासाठीच. स्पर्श वगळला गेला. मावशीला वाटलं, आपलं म्हणणं पोचलं. ती हसली.

आता लेक कुशीत शिरली, तिच्या गालाला हात लागला, की मला मावशीचाच आवाज येतो. हात काढून घेते मी. लेकीला काय सांगू?

परवा मावशीकडे गेले होते. तिच्या बोटांवर ताजे फोड होते – टोप उचलताना भाजलं, कळलंच नाही. सुनेला कौतुकानं सांगत होती, "माजा तरास मोट्या डॉक्टरांना हिनंच सांगितला." मग मला विचारलं, "सांगितलास ना गं?"

मी हो म्हटलं. आणि तिनं त्याच हातानं वाढलेला भात जेवले.