जयतीर्थाच्या गाडीचं मायलेज

आमच्या जयतीर्थाकडे हल्ली लोक मायलेजचं विचारायला येतात. तंजावूरच्या या ऑटोंच्या आणि टाउनबसच्या गर्दीत त्याची ती जुनी पेट्रोलची गाडी लिटरमागे इतकी चालते कशी, हे त्यांना कळत नाही. तो त्यांना बसवतो, कापी, म्हणजे आमची कॉफी, देतो आणि सांगतो: टायरांत हवा बरोबर ठेवा, डिकी रिकामी करा, टपावरचा कॅरिअर काढून टाका, उभ्या गाडीचं इंजिन बंद करा, पाय हलका ठेवा. लोक माना डोलावून जातात. मी त्याची थोरली बहीण सुंदरी, शेजारच्याच घरात राहते. खिडकीतून ऐकू येतं आणि मला रडू येतं. हा हे सगळं कुठे शिकला, ते मी त्याच्याच गाडीत बसून पाहिलंय.

एके काळी त्याच्याइतकी वाईट गाडी चालवणारा माणूस ओरत्तनाडूपर्यंत शोधून सापडला नसता. नोकरी सरकारी, बोलणं मऊ, देवधर्म वेळच्या वेळी. पण स्टिअरिंग हातात आलं की अंगात काय संचारायचं कोण जाणे. समोर लाल दिवा दिसतोय तरी हा गाडी दामटत न्यायचा आणि दिव्यापाशी कच्चकन ब्रेक मारायचा. शेजारी त्याची बायको विनुता. तिचा डावा हात दारावरच्या हँडलला घट्ट धरलेला. "मेदुवा," ती आधी तमिळमध्ये म्हणायची. मग मराठीत, "हळू हो, हळू." हा ऐकेल तर शपथ. पंचवीस वर्षांच्या संसारात ती त्याच्या गाडीत कधी पाठ टेकून बसली नाही.

आणि वर मायलेजसाठी हाच माणूस जीव टाकायचा. टाकी भरली की आकडेमोड, आणि आकडा मनासारखा आला नाही की दोष पंपवाल्याला, पेट्रोलला, गाडी बनवणाऱ्याला. मेकॅनिक कार्तिकेयच्या डोक्यावर सतत मिरे वाटायचा. फिल्टर बदल, प्लग बदल, ते पुरलं नाही तर कुठून तरी लोहचुंबक आणून पेट्रोलच्या नळीला बांध. सकाळी मात्र इंजिन तापायला हवं म्हणून गाडी सुरू करून ठेवायची आणि आत येऊन संध्येला बसायचं. अर्घ्य झालं, जप झाला, कापी झाली, तरी गाडी दारात धूर सोडत उभीच. टपावर कधीकाळच्या तिरुपती यात्रेचा कॅरिअर, डिकीत आराधनेच्या जेवणावळीची पितळी पातेली. "अरे, तुझं मायलेज इथे दारात जळतंय," मी म्हणायची. म्हणायचा, "अक्का, तुला इंजिनातलं कळत नाही." मी हात टेकले होते.

विनुता वीणा शिकवायची. दर शुक्रवारी तिरुवैयारूला, नदीजवळच्या एका भाड्याच्या खोलीत. तिच्या गुरुबाईंकडून तिला एका जुन्या मराठी पदाची चाल मिळाली होती. आपल्या इथल्या मराठी लोकांची भाषा आणि या मातीची वीणा, असं ते पद. ती चाल आता तिच्याखेरीज कोणाच्या बोटांत उरली नव्हती. लक्ष्मीप्रिया नावाची तिची शिष्या ते पद शिकत होती, निम्मं शिकून झालं होतं.

तेवढ्यात विनुताचं दुखणं बाहेर आलं. आधी औषधं, मग आणखी औषधं, आणि मग रोग पाठीच्या मणक्यांत उतरला. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. हातात फार दिवस नाहीत, गाडीचे धक्के बसू देऊ नका, शक्यतो प्रवासच नको. ती घरी आली आणि म्हणाली, "शुक्रवारचं मी जाणार. ते पद माझ्याबरोबर जळायला नको." मी म्हटलं, "फोनवर शिकव गे, हल्ली सगळे शिकवतात." ती म्हणाली, "अक्का, तिचं बोट मला धरून सरकवावं लागतं." लक्ष्मीप्रियाला इकडे बोलवू म्हटलं, तर तिच्या घरी अंथरुणाला खिळलेली सासू, नदीकाठची ती खोली तिला दोन पावलांवर. ती येणार कशी?

पहिल्या शुक्रवारी मी सोबत गेले. तंजावूर सोडलं की तिरुवैयारूपर्यंत एकामागून एक पाच नद्या लागतात आणि प्रत्येक पुलाच्या दोन्ही तोंडांना रस्ता जरा खचलेला. पहिल्याच पुलावर जयतीर्थ नेहमीसारखा चढला आणि विनुता ओरडली. कधी आवाज न चढवणारी बाई, तिचा तो आवाज माझ्या कानांतून अजून जात नाही. त्यानं गाडी कडेला घेतली. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि हात हँडलला. ती म्हणाली, "चला, थांबू नका." तो थांबलाच. गाडी वळवून घरी आणली. त्या संध्याकाळी जेवला नाही. मला म्हणाला, "अक्का, तिला न्यायचं तर मला चालवायला शिकलं पाहिजे." साठीला आलेला माणूस. मला त्याची दया आली आणि रागही आला, आत्ता सुचलं का म्हणून.

दुसऱ्या दिवसापासून शिकणं सुरू झालं. विनुताच्या जागी मी, आणि माझ्या मांडीवर काठोकाठ पाणी भरलेला डबरा, म्हणजे ज्या खोलगट वाटीत आम्ही कापी निववतो ती. तिरुवैयारूला जायचं, परत यायचं. पहिल्या दिवशी माझं लुगडं पदरापासून काठापर्यंत ओलं. दुसऱ्या दिवशी त्याला वाटलं, टायर मऊ केले तर धक्का कमी बसेल, म्हणून निम्मी हवा काढली. गाडी म्हशीसारखी लोळत चालली, वळणावर मी एका बाजूला आणि पाणी दुसऱ्या बाजूला. कार्तिकेयनं हवा पुन्हा गाडीच्या दारावर लिहिल्याप्रमाणे भरून दिली. डिकीतली पातेली खळखळतात म्हणून ती माझ्या माळ्यावर आली. कॅरिअर वाऱ्यात शीळ घालतो, विनुताला आवाज सोसत नाही, म्हणून तो उतरवला. सकाळचा धूर तिच्या खिडकीत जातो म्हणून संध्येच्या वेळी गाडी सुरू ठेवणं बंद. कंडियूरला पेंढ्याच्या लॉऱ्या आडव्या आल्या की उभ्या इंजिनाची थरथर तिच्या पाठीला कळते, म्हणून तिथे इंजिन बंद करायची सवय लावून घेतली.

आणि मुख्य म्हणजे पाय. लांबवर अडथळा दिसला की पाय उचलायचा, गाडी आपल्याच ओढीनं मंद होत जायची आणि ब्रेक लावायची वेळच येत नसे. पुन्हा वेग घ्यायचा तो हलक्या पायानं, एक गिअर, मग दुसरा. मागचे हॉर्न वाजवून थकायचे, आमचे महाशय ढिम्म. आठवडा संपता संपता डबऱ्यातलं पाणी हलायचं, पण सांडायचं नाही.

पुढच्या शुक्रवारी विनुता बसली. हात हँडलला होताच. पाचही पूल गेले. उतरताना ती म्हणाली, "आज बरं आलो."

असे कितीतरी शुक्रवार गेले. तिचं वजन उतरत होतं आणि चाल पुढे सरकत होती. एकदा डॅशबोर्डवर मायलेजचा आकडा दिसला, ज्याच्यासाठी त्यानं जन्मभर भांडणं केली होती त्याच्यापेक्षाही वरचा. मी मागून म्हटलं, "अरे, बघ तरी." त्यानं पाहिलं नाही. त्याचे डोळे पुढच्या खड्ड्यावर होते.

शेवटच्या शुक्रवारी लक्ष्मीप्रियानं ते पद सबंध वाजवलं. विनुता खांबाला टेकून ऐकत होती. एकदाच बोट सरकवायला हात उचलला, मग नुसतीच मान हलवली आणि हात खाली ठेवला. झालं होतं. जयतीर्थानं तिला उचलून गाडीत बसवलं. ऊन कलत होतं, नदीत पाणी होतं.

कंडियूर मागे पडल्यावर तो तिला काहीतरी विचारत होता. उत्तर येईना. आरशात त्याचा चेहरा पांढराफटक दिसला. मी पुढे वाकले. तिचा श्वास संथ चालला होता. डोकं सीटला टेकलेलं, आणि डावा हात मांडीवर, उघडा.

"झोपलीय रे," मी म्हटलं.

गाव आलं, आमची गल्ली आली, घर आलं, आणि हा थांबेना. "अरे, घर गेलं मागे."

"गप, अक्का. थांबलो तर जागी होईल."

मोठ्या देवळाला वळसा घातला, मेडिकल कॉलेजच्या सरळ रस्त्यानं शेवटपर्यंत गेला, वळला, पुन्हा देऊळ. टाकी अर्धी झाली की ज्याला चैन पडायची नाही, त्याच्यासमोर पेट्रोलचा पिवळा दिवा लागला होता आणि तो फिरतच होता. "पंचवीस वर्षं एवढंच मागत होती," तो म्हणाला. आवाज चढू न देता, ती जागी होईल म्हणून. "दुसरं काहीच मागितलं नाही गे तिनं." त्याच्या हनुवटीवरून पाणी ठिबकत होतं, पण त्यानं पुसायलाही हात स्टिअरिंगवरून काढला नाही.

देवळाच्या रस्त्यावर दिवे लागले तेव्हा तिनं डोळे उघडले. बाहेर पाहिलं.

"पोचलो का हो?"

"आत्ताच," तो म्हणाला, आणि गाडी घराकडे वळवली.