अण्णांच्या डोक्यातला पॉइंट

आमचे अण्णा पानाडे. म्हणजे बोअर घेण्याआधी ज्यांना बोलावणं जातं आणि जे तळहातावर आडवा नारळ ठेवून अनवाणी रानभर फिरतात, ते. नारळ जिथे उभा राहील तिथे खाली पाणी. तिथे अण्णा टाचेने खूण करायचे आणि म्हणायचे, ह्यो घ्या पॉइंट. पाथर्डीकडच्या कोरड्या पट्ट्यात पानाड्याला जावयाइतका मान. अण्णा पैसे घेत नसत, फक्त चहा आणि तोच नारळ. त्यामुळे आमच्या घरी बारा महिने खोबऱ्याची चटणी असायची.

अशा माणसाच्या पोटी मी विज्ञानाची शिक्षिका निपजले. राहुरीच्या शाळेत दरवर्षी मी पोरांना दोऱ्याला अंगठी बांधून पाण्याच्या पेल्यावर धरायला लावते. हात हलवायचा नाही, फक्त मनात म्हणायचं, गोल फिर. अंगठी खरंच फिरायला लागते आणि वर्गात गलका होतो. मग मी सांगते की हात तुमचाच हलतोय, तुम्हाला कळत नाही एवढंच, आणि पानाड्याच्या नारळाचंही तेच. अण्णांना हे ठाऊक होतं. जेवताना विषय निघाला की मी म्हणायचे, पाणी नारळाला ओढत नाही, तुमचं डोकं हाताला हलवतं. ते म्हणायचे, आसंल बाई. दुसऱ्या दिवशी पुन्हा नारळ घेऊन निघायचे. इतकी वर्षं हे भांडण आम्ही दोघांनी मोठ्या प्रेमाने जपलं होतं.

मग एका दिवाळीनंतर अण्णा हळूहळू बंद पडत गेले. दुसरा शब्द मला सापडत नाही. भाकरी अर्धी झाली, मग चतकोर. पहाट व्हायच्या आत उठून अंथरुणावर नुसते बसून राहायचे. कोणी पॉइंटसाठी आलं तर म्हणायचे, नारळ उभा ऱ्हाईना, दुसरा मानूस बघा. भेटेल तो विचारायचा, कारण काय? कारण काहीच नव्हतं. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती, शेत भाऊ नीट सांभाळत होता, घरात भांडण नव्हतं. पण लोकांना विनाकारण आजारी पडलेला माणूस चालत नाही. एका आत्याने बाहेरचं झालंय असं ठरवलं, दुसरीने शुगर वाढलीय असं ठरवलं आणि दोघींनी मिळून त्यांचा चहा बंद केला.

मग गावाहून भावाचा फोन आला. तो म्हणाला, "अण्णा रोज दुपारच्याला विहिरीच्या काठावर जाऊन बसत्यात. कुणाशी बोलत न्हाईत. नुसतं खाली बघत्यात." मी त्याच दिवशी गाडी काढली. चार दिवस माझ्याकडे चला असं सांगून अण्णांना राहुरीला घेऊन आले. आमच्या कॉलनीत विहीर नाही, नळाला पाणी येतं. विहिरीत काय बघत होता, हे विचारायची माझी छाती झाली नाही. ते गाडीत गप्प बसले आणि मी रस्ताभर उसाच्या भावाबद्दल बडबडत राहिले, ज्यातलं मला ओ की ठो कळत नाही.

नगरला एका मानसोपचाराच्या डॉक्टर बाईंना दाखवलं. (पाटीवर आता अहिल्यानगर आहे, पण तोंडात नगरच येतं.) माझ्याच वयाच्या, हसऱ्या. त्यांनी झोप विचारली, भूक विचारली आणि मग अगदी सहज, जेवलात का म्हणावं तशा आवाजात विचारलं, "जीव द्यावा असं मनात येतं का? ताईंना बाहेर बसायला सांगू का?" अण्णा म्हणाले, असू द्या तिला. मग म्हणाले, न्हाई. डॉक्टरांनी त्यांच्याकडे थोडा वेळ पाहिलं आणि मला सांगितलं की आजोबांना एकटं ठेवायचं नाही. तेवढं मी न सांगताही करतच होते.

औषधांनी दगा दिला. एका गोळीने चक्कर यायची, दुसरीने लघवी तुंबली, तिसरीने काहीच झालं नाही. तेव्हा डॉक्टरांनी चुंबकाच्या मशीनचं काढलं. भावाला फोनवर सांगितलं तर तो घाबरलाच. शॉक देनार का अण्णांला? मी म्हटलं, शॉक वेगळा. इथे भूल नाही, झोपवणं नाही, माणूस खुर्चीत जागा बसतो. डोक्याला तारेचं एक वेटोळं लावतात, त्यातून झटक्याझटक्याने वीज सोडतात, त्याने चुंबकीय क्षेत्र तयार होतं, ते कवटीतून आत जातं आणि आत मेंदूत अगदी जराशी वीज जागी होते. दहावीच्या पुस्तकात आहे हे, मी दरवर्षी शिकवते. भाऊ म्हणाला, दहावीला मी विज्ञानात कसाबसा सुटलो होतो, तुला पटतंय ना, मग कर.

पहिल्या दिवशी निम्मा वेळ अण्णांच्या अंगावरचं लोखंड-पितळ उतरवण्यात गेला. कानातली बाळी लग्नाच्या आधीपासूनची होती. ती साबण लावून लावून काढली. फिट येते का, छातीत मशीन बसवलंय का, डोक्यात कुठे धातू आहे का, हे सगळं विचारून झालं. तंबाखूची डबी देताना अण्णांनी जेवढा वेळ लावला तेवढा मुलीची पाठवणी करतानाही लावला नव्हता. त्यांची पांढरी टोपी माझ्या मांडीवर आली आणि त्यांच्या डोक्यावर पोहायला जाताना घालतात तसली घट्ट टोपी चढली. एरवी हसले असते. पण ते खुर्चीत मान टाकून बसले होते, चेहऱ्यावर काही नाही, आणि मला रडू आवरत नव्हतं.

मशीन चालवणारी मुलगी भिंगारची होती, तोंडाने चटपटीत. वेटोळं हातात धरून तिने त्यांच्या डोक्याच्या डाव्या बाजूला ठेवलं. टक्. जरा सरकवलं. टक्. पुन्हा जरा मागे. टक्. तिचं लक्ष डोक्याकडे नव्हतंच, अण्णांच्या उजव्या हाताकडे होतं. बराच वेळ हे चाललं. शेवटी अण्णांनी विचारलं, काय हुडकतीस?

"पॉइंट शोधतेय, आजोबा," ती म्हणाली.

अण्णांनी मान वर केली. कित्येक महिन्यांत मी त्यांना कशासाठीही मान वर करताना पाहिलं नव्हतं. पॉइंट? कशाचा पॉइंट? तिने सांगितलं, अंगठ्याचा. डोक्यातल्या एका जागेवर ठोका पडला की अंगठा हलतो, ती जागा सापडली की मशीनचा जोर किती ठेवायचा ते कळतं. तेवढ्यात टक् झालं आणि अण्णांचा अंगठा उडाला. त्यांनी हाताकडे पाहिलं. पुन्हा टक्, पुन्हा उडाला.

"मी न्हाई हलवला," ते म्हणाले.

ह्याच हातावर नारळ उभा राहायचा. अण्णा त्या अंगठ्याकडे बघत राहिले. मग पानाड्याने विचारावं ते त्यांनी विचारलं. ह्यो पॉइंट खोल किती? डॉक्टर आत आल्या होत्या. त्या म्हणाल्या, दोन-तीन सेंटीमीटर. अण्णा म्हणाले, मंग लई वर हाय पानी.

पण ती उपचाराची जागा नव्हती. उपचाराची जागा त्याच्या पुढे, कपाळाकडे. डॉक्टर म्हणाल्या, आजारात हा भाग सुस्तावतो, त्याला रोज ठोके देऊन जागं करायचं. तिथं काय हलतं, अण्णांनी विचारलं. तिथं काहीच हलताना दिसत नाही, त्या म्हणाल्या, अंगठ्याच्या जागेवरून मोजून पुढे जायचं. आणि गुण येईलच असं लिहून देत नाही, पुष्कळांना येतो, काहींना येत नाही, काही आठवडे रोज यावं लागेल. मला हे ऐकून धडकी भरली. अण्णांना मात्र बाई एकदम पटल्या. जाताना म्हणाले, ही खोटं बोलत न्हाई, आमी बी आसंच सांगतो.

मग आमच्या वाऱ्या सुरू झाल्या. सकाळची शाळा करून मी अण्णांना घेऊन निघायचे. राहुरी ते नगर हा रस्ता ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी पाहिला नाही ते सुखी आहेत. हंगाम चालू होता, पुढे उसाच्या ट्रॉल्या डुलत चाललेल्या, त्यांना ओलांडावं तर समोरून खड्डा चुकवत ट्रक. विळद घाट उतरेपर्यंत माझे खांदे भरून यायचे. मशीनखाली अर्धा तास, टक् टक् टक् आणि थांबा, टक् टक् टक् आणि थांबा. सुरुवातीला डोकं ठणकायचं, मग तेही थांबलं. रविवार सोडला तर रोज हेच.

दोन आठवडे काही म्हणजे काही झालं नाही. मी रोज ताटाकडे बघायचे. चतकोर भाकरी ती चतकोर भाकरी. रात्री नवऱ्याजवळ रडायचे आणि सकाळी पोरांवर ओरडायचे. आमच्या वर्गात त्या महिन्यात विलक्षण शांतता होती.

एक गंमत मात्र व्हायची. ठोके कपाळाजवळ पडत, त्यामुळे अण्णांची डावी भुवई उडायची आणि डोळा मिचकायचा. खुर्चीसमोर ती भिंगारची मुलगी उभी, आणि आमचे अण्णा ठोक्यागणिक तिला डोळा मारतायत. मी शरमेने खिडकीबाहेर बघायचे. एका दुपारी मशीन मधेच थांबलं असताना अण्णा माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "गावात कुनाला सांगू नको. म्हनत्याल, म्हातारं बिघडलं."

मला कळायला क्षणभर लागलं. मग मी इतकी हसले की त्या मुलीने मला बाहेर बसवलं. बाहेर बाकावर मी हसतेय की रडतेय हे मलाच समजेना. अण्णांनी थट्टा केली होती. मी नवऱ्याला फोन केला, भावाला फोन केला, चहा बंद करण्यात ज्यांचा हात होता त्या दोन्ही आत्यांना फोन केला.

त्यानंतर गाडी रुळावर यायला लागली, पण आत्या म्हणतात तशी एका रात्रीत नाही. एक दिवस बरा, एक दिवस जुना. मग दोन बरे. भाजीत मीठ कमी आहे म्हणाले. रस्त्याच्या कडेची माती बघून, हितं वर मुरूम आन खाली पानी न्हाई, असा निकाल दिला. एकदा घाटात आपणहून जुना विषय काढला. म्हणाले, तू म्हनायचीस ते खरं निघालं, डोक्यात टकटक केलं की हात हलतो. मंग नारळ बी मीच उभा करत हुतो. मी म्हटलं, हो, पण तुम्ही पन्नास वर्षं रानं बघितलीत, उंबर कुठे, वारुळ कुठे, गवत कुठे हिरवं राहतं, ते सगळं तुमच्या डोक्यात आहे, तेच हाताला हलवत असणार. त्यावर त्यांनी बराच विचार केला. म्हंजे पॉइंट डोक्यातच हुता, म्हणाले. मी म्हटलं, बहुतेक. वाद जिंकल्याचा आनंद मला म्हणावा तसा झाला नाही, कारण जिंकलो असं दोघांनाही वाटत होतं.

शेवटच्या दिवशी डॉक्टरांनी पुन्हा सगळे प्रश्न घेतले. झोप? लागती. भूक? हिचा स्वयंपाक सोसंल इतकी. मग तो प्रश्न आला, त्याच सहज आवाजात. ह्या वेळी अण्णांनी लगेच न्हाई म्हटलं नाही. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाले, "पैल्या दिवशी तुमी इचारलं तवा मी न्हाई म्हनलो. ते खोटं हुतं. रोज यायचं मनात. ही शेजारी बसली हुती."

आणि आता, डॉक्टरांनी विचारलं. आता न्हाई, ते म्हणाले. ही बसलीय म्हनून न्हाई, खरंच न्हाई.

डॉक्टरांनी पुढे बरंच सांगितलं. गोळी चालू ठेवायची, हा आजार काहींना परत येतो, आला तर लवकर यायचं, घाबरायचं नाही. मी मान डोलावली. माझ्या कानात फक्त 'रोज यायचं' एवढंच होतं.

गाडीत बसल्यावर मी किल्ली फिरवलीच नाही. अण्णांनी टोपी नीट केली, समोर बघत म्हणाले, "तुला म्हाईत हुतं ना?"

मी हो म्हटलं.

"मंग इचारलं का न्हाईस?"

"तुम्ही हो म्हणाला असतात तर मी काय केलं असतं, अण्णा?"

शेजारून एक रिक्षा हॉर्न वाजवत गेली. मग त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. "काय करायचं नसतं. इचारायचं. पुढं कदी मी गप बसलो तर इचारत जा. मी खरं सांगन."

मला वाटलं, आता नाही विचारलं तर पुढे कधीच जमणार नाही. म्हणून तिथेच, दवाखान्याच्या दारात, गाडी बंद असतानाच मी विचारलं, "आज येतंय का मनात?"

अण्णांनी उत्तर द्यायला वेळ घेतला. खरंच आत बघून आल्यासारखे.

"आज न्हाई," ते म्हणाले.