उरलेल्या दोन कॅप्सूल

आमच्या सेक्टर १० च्या क्वार्टरमध्ये टीव्हीखाली बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा असायचा. मी कामाला होतो त्या स्टील प्लांटच्या दवाखान्यातून मिळालेल्या गोळ्या उरल्या की त्या डब्यात जायच्या. औषध टाकून देणं आमच्याकडे पाप. क्वार्टरांच्या लाइनीत कोणाला काही झालं की डबा उघडायचा आणि मी डॉक्टर व्हायचो. मला ते फार आवडायचं, खोटं कशाला बोलू.

जवळच्या जुनवानी गावात एक मामा राहायचे. नात्याचे नाहीत, पण आमच्याच भंडाऱ्याकडचे. त्यांची पांढरी घोडी वरातीत चालायची आणि तिच्यावरच त्यांचं घर चालायचं. तार लागून तिच्या पायाची जखम चिघळली, तेव्हा मामा माझ्याकडे आले. माझ्या दाढेत पू झाला होता तेव्हाच्या कॅप्सूल डब्यात होत्या. त्याच दिल्या. वर ऐटीत बजावलं, "कोर्स अर्धवट सोडायचा नाही, मामा."

तिसऱ्या दिवशी घोडीला पाण्यासारखे जुलाब लागल्याचं कळलं. ड्यूटीवर जाता जाता मी जुनवानीत थांबलो. ती मान खाली घालून उभी होती, शेपटी भिजलेली. मामा नळावर बादली भरत होते. सलाईन लावता लावता जनावरांचे डॉक्टर म्हणाले, आतड्यात वाईट जंतू माजलेत. माणसांची काही औषधं घोड्याला दिली की आतड्यातले चांगले जंतू मरतात आणि असं होतं.

"असं काही दिलं होतं का?" त्यांनी मला विचारलं.

"मला माहीत नाही," मी म्हणालो.

लाज वाटली, दुसरं काही नाही. कॅप्सूल बंद करा, एवढं तरी मामांच्या कानात सांगायचं होतं. पण ते बादली घेऊन आले, मी घड्याळ पाहिलं आणि सेकंड शिफ्टला निघून गेलो. फोन करीन म्हटलं. केला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा दारात उभे. घोडी पहाटे गेली होती. त्यांनी खिशातून औषधाचं पाकीट काढून माझ्या हातात दिलं. आत दोन कॅप्सूल शिल्लक होत्या.

"जुलाबातबी गुळात घालून देत राह्यलो, तुमी सांगतलं तसं," ते म्हणाले. "पण काल रात्री तिनं तोंडच नाई उघडलं. कोर्स पुरा नाई झाला, भाऊ. माहीच चूक झाली."

मी पाकीट घेतलं आणि त्यांना चहा विचारला.