न बिघडलेली जीप

गावचे पाद्रीबाब गेले, हे एका सकाळी पोदेराने पाव हातात देता देता सांगितलं. त्याला दीड महिना झाला... लिहायला बसले की पेन अडतं. त्यांच्याबद्दल चांगलं लिहायचं तर आधी माझ्याबद्दल वाईट लिहावं लागतं.

गोव्याची भाषा मराठी की कोकणी, या भांडणाचे ते दिवस. धारगळच्या शाळेत मी मराठी शिकवायचे आणि पेडण्यातली मराठी माझ्याच खांद्यावर उभी आहे, अशी माझी खात्री होती. घरात सासूशी भांडण कोकणीत, बाहेर मात्र कोकणी कळतच नाही असा चेहरा! पाद्रीबाब कोकणीवाले. तरी वाटेत भेटले की हसून विचारायचे, "कितें बाई, आज कोणाचो कान पिळ्ळो?"

एका दुपारी सासूबाईंना साप डसला. आंदोलनात रस्त्यांवर झाडं आडवी पाडलेली, बस बंद. गावात जीप एकच, पाद्रीबाबांची. मी धावत गेले. खाली बघत ते म्हणाले, "बिघडलीय, बाई." शेवटी शेजाऱ्यांनी सासूबाईंना खाटेवर घालून आडवाटेने पेडण्याच्या दवाखान्यात नेलं. त्या वाचल्या आणि पुढे बारा वर्षं माझ्या आमटीला नावं ठेवत राहिल्या. मी मात्र त्याच संध्याकाळी विहिरीवर सांगितलं, "पाद्री म्हणाला, मराठीवाल्यांना जीप नाही!" असं ते बोललेच नव्हते. पण वाक्य कसं झणझणीत झालं होतं!

रविवारी मी इगर्जीत, त्यांच्या चर्चमध्ये, मागच्या बाकावर जाऊन बसले. मिसची प्रार्थना संपली की चारचौघांत जाब विचारायचा होता. भाषण पाठ होतं, शुद्ध मराठीत. पाद्रीबाब बोलायला उभे राहिले. म्हणाले, बायबलातला मोठा याजक अहरोन लोकांना भ्याला आणि त्याने त्यांना पुजायला सोन्याचं वासरू घडवून दिलं. भावाने जाब विचारला तर म्हणतो कसा, मी सोनं विस्तवात टाकलं आणि हे वासरू बाहेर आलं! लोक हसले. "हांसूं नाकात. म्हजी जीप तशीच बिघडली. जीप बरी आसली... हांव लोकांक भियेलों." देवाने अशाच माणसाला याजक ठेवलं, ते पुढे म्हणाले, पण लोकांच्या पापासाठी बोकड कापण्याआधी स्वतःच्या पापासाठी गोऱ्हा कापायचा, ही अट घालून. माझं खोटं त्यांच्या कानावर गेलं होतं. त्याबद्दल मात्र एक अक्षर नाही! मी भाषण गिळून घरी आले.

मातीच्या दिवशी त्यांच्या खोलीत गेले. जीपची किल्ली दारामागच्या खिळ्याला होती. त्या रविवारपासून ती तिथेच असायची. अडल्यानडल्याने विचारायचंसुद्धा नाही, न्यायची. मी बघत उभी असताना शेजारीण कुजबुजली, "तुका तर ह्यांनी मराठीवाली म्हणून जीप दिली नव्हती मगो?" आणि मी, सत्तरी ओलांडलेली बाई, पदराने डोळे पुसत गप्प राहिले.

तर लिहिते. पाद्रीबाब तसं कधीच म्हणाले नव्हते. ते मी रचलं होतं. वाचलंत तर चौघांना सांगा... तेव्हा गावभर व्हायला विहिरीवरच्या चौघीच पुरल्या होत्या.